शाळा नसलेली अध्यापक महाविद्यालयं

गेल्या दोन-तीन वर्षांत शिक्षक होण्याच्या वाटेवरून तीनदा मोठा गदारोळ झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायला बी.एड. ही अर्हता धरता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने एका वर्षाचं बी.एड. पुन्हा आणण्याचा मसुदा काढला. १ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं, असं त्यात होतं. तिन्ही वेळा बोलणारे तेच आणि बोलणंही तेच. एक बाजू म्हणते, ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतं, हे बी.एड. पदवीचं आणि डी.एड. पदविकेचं लोढणं हवं कशाला? दुसरी बाजू म्हणते, आमच्याकडे रीतसर प्रमाणपत्र आहे, आता आणखी काय सिद्ध करायचं? दोन्ही बाजू कागदाबद्दल बोलतात. त्या कागदामागे माणूस नेमकं काय शिकतो, ते शिकायला किती वेळ लागतो आणि ते कुठे शिकता येतं, हे कुणी काढत नाही.

माझं मत आधीच सांगतो. शिक्षणशास्त्राचा अभ्यास केल्याशिवाय कुणालाही मुलांसमोर उभं करू नये. हा अभ्यास विद्यापीठात, इतर विद्याशाखांच्या बरोबरीने व्हायला हवा. आणि आज आपल्याकडे त्या नावाखाली जे चालतं, त्यातल्या बहुतेकाला अभ्यास म्हणता येत नाही. ही तिन्ही विधानं एका दमात केली की लोक बुचकळ्यात पडतात, कारण तिसरं मान्य केलं की पहिलं सोडावं लागतं असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. गावातला दवाखाना वाईट आहे म्हणून वैद्यकशास्त्रच नको, असं आपण कधी म्हणतो का?

शिकवण्यात शिकण्यासारखं असतं काय, हे आधी बघू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेत होतो तेव्हाची गोष्ट. एक मुलगी ‘पंचवीस’ लिहायला सांगितलं की ५२ लिहायची. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की ३४. मी आठवडाभर तिला उजळणी म्हणायला लावलं, पाटीवर वीस-वीस वेळा २५ गिरवून घेतलं. ती गिरवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ५२. माझ्या लेखी प्रश्न मिटला होता : लक्ष नाही, घरी कुणी अभ्यास घेत नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी तिच्यापुढे काड्या ठेवल्या, काही दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधलेल्या आणि काही सुट्या, आणि म्हणाल्या, “पंचवीस दे गं.” मुलीने न अडखळता दोन गठ्ठे आणि पाच काड्या उचलून दिल्या. संख्या तिला पक्की कळली होती. ती फक्त कानाने ऐकल्या क्रमाने लिहीत होती. ‘पंच’ आधी ऐकू येतं, म्हणून पाच आधी. ‘वीस’ नंतर, म्हणून दोन नंतर. चूक मराठी संख्यानामांच्या रचनेतून येत होती आणि तिच्यामागे त्या मुलीचं चोख तर्कशास्त्र होतं. मला २५ लिहिता येत होतं, गणितात मला चांगले गुण होते, आणि तरीही त्या आठवड्यात त्या मुलीच्या कामाचं मला काहीही येत नव्हतं.

बाईंना जे येत होतं त्याला काय म्हणायचं? ते गणिताचं ज्ञान नव्हे, कारण ते माझ्याकडेही होतं. ती नुसती माया किंवा तळमळही नव्हती. ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये त्याला नाव दिलं, आशयाचं अध्यापनशास्त्रीय ज्ञान. एखादा विषय शिकणाऱ्याच्या डोक्यात कुठे अडतो, कोणत्या चुका कोणत्या समजुतीतून येतात, कोणतं उदाहरण ती गाठ सोडवतं, याचं हे ज्ञान. विषय येणाऱ्याला ते आपोआप येत नाही. उलट विषय जितका मुरलेला, तितकं आपण तो कसा शिकलो हे विसरायला होतं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो हे किती प्रौढांच्या कधी ध्यानात आलं असेल?

हीच बाब २०१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रासमोर आली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं गेलं. डॉ. मंगला नारळीकर त्या विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या. कन्नडमध्ये आणि तेलुगूत दशक आधी म्हटलं जातं, इंग्रजीतही विसाच्या पुढे तसंच. मराठीत क्रम उलटा, त्यात जोडाक्षरं, शिवाय ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतो आणि लिहायचं असतं वीसच्या घरात. मूल अडखळतं ते इथेच, म्हणून ही पायरी सुचवली होती. झालं काय? समाजमाध्यमांवर विनोद झाले, विधानसभेत कोट्या झाल्या, भाषा बुडाली अशी हाकाटी झाली. ती पायरी योग्य की अयोग्य यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, माझ्याही काही शंका आहेत. पण त्या पंधरा दिवसांत सात वर्षांचं मूल संख्या कशी शिकतं याबद्दल बोलणारे आवाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मूल कसं शिकतं हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हेच आपल्या सार्वजनिक चर्चेला ठाऊक नाही. अशा समाजाला बी.एड. म्हणजे नोकरीच्या दारावरचा टोल वाटला तर नवल नाही.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. आपल्या अध्यापक विद्यालयांची दुकानं झाली हा आरोप खरा आहे. तो महाराष्ट्राइतका कुठेच खरा नसावा. २००८ च्या सुमाराला राज्य सरकारचा विरोध डावलून इथल्या २९१ डी.एड. महाविद्यालयांना मान्यता देण्याचा घाट घातला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला, त्यात देशभरातल्या अध्यापक शिक्षणाचं जे चित्र आलं ते लाजिरवाणं होतं. एक काळ असा होता की बारावीला बरे गुण मिळालेली ग्रामीण भागातली मुलं-मुली डी.एड.च्या प्रवेशासाठी जीव टाकत, कारण दोन वर्षांत नोकरीची हमी होती. मग महाविद्यालयं तालुक्या-तालुक्यात उगवली, भरती आटली, आणि आज त्यांतल्या कित्येकांच्या जागा रिकाम्या राहतात. पुढे टीईटीचा घोटाळा २०२१ च्या अखेरीस बाहेर आला. पात्रतेची परीक्षासुद्धा विकली जाते हे लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

मी ज्या अध्यापक विद्यालयात शिकलो तिथलं सांगतो. सराव पाठ असायचा, त्याआधी त्याच्या तालमी म्हणून सूक्ष्म पाठ आणि सेतू पाठ. पाठाचं टाचण काढायचं : प्रास्ताविक, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, स्वाध्याय. ते बहुधा आदल्या तुकडीच्या वहीतून उतरवलेलं. मागच्या बाकावर आमचेच चार सोबती निरीक्षण वही घेऊन बसलेले. पाठ संपला की अध्यापकांचा शेरा यायचा : फलकलेखन सुधारा, आवाजात चढउतार हवा, साधनाचा वापर चांगला. दोन वर्षांत माझे जेवढे पाठ झाले त्यांतल्या एकाही पाठानंतर मला कुणी विचारलं नाही की आज या वर्गातल्या किती मुलांना कळलं आणि ज्यांना कळलं नाही त्यांना का कळलं नाही. मुलं तिथे होती, पण पाठ मुलांसाठी नव्हता. तो आमच्या गुणांसाठी होता. म्हणून ‘डी.एड.मध्ये काय शिकलात’ असं कुणी हिणवून विचारलं तर मला त्याचा राग येत नाही. पण त्या प्रश्नातून ‘म्हणून ते बंद करा’ हे उत्तर कसं निघतं? माझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाईंना जे येत होतं ते मला शिकवलं गेलं असतं तर त्या मुलीचा एक आठवडा वाचला असता. आणि अशा मुली एका वर्गात चार-पाच असतात, वर्ग वर्षानुवर्षं असतात.

दुसरा आक्षेप जन्मजात शिक्षकांचा. प्रत्येकाच्या आठवणीत एखादे गुरुजी असतात, ज्यांनी कुठलंही शास्त्र न वाचता पिढ्या घडवल्या. या मताचे लोक गिजुभाई बधेका यांचं नाव हमखास घेतात. ते पेशाने वकील होते हे खरंच. पण गिजुभाईंनी केलं काय? मूल झाल्यावर ते बालशिक्षणाकडे वळले, माँटेसोरींचं लेखन पालथं घातलं, भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत मुलांमध्ये बसून ते पारखलं, आपल्या मातीत बसेल असं बदललं, लिहिलं, इतरांना शिकवलं. कोणत्या बी.एड.च्या विद्यार्थ्याने शिक्षणशास्त्राचा इतका अभ्यास केला आहे? त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या महिला अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे उभं केलं, गुरं राखणाऱ्या मुलांमागे माळावर जाणारी कुरणशाळा, वारली पाड्यातली अंगणवाडी, ते निव्वळ मायेतून उभं राहिलेलं नाही. मूल कशाने शिकतं याची उत्तरं त्या वर्षानुवर्षं तपासत होत्या. जन्मजात म्हणून जी नावं घेतली जातात ती बहुतेक अभ्यासाचीच नावं निघतात. त्यांचा अभ्यास प्रमाणपत्राच्या चौकटीत नव्हता इतकंच.

याहून जुना दाखला सावित्रीबाई फुले यांचा आहे. त्यांच्या काळात अक्षरं येणारी स्त्रीच दुर्मीळ होती. ‘तुला वाचता येतं, बस झालं, चल शिकवायला’ असं म्हणायला तेव्हा किती सबळ कारण होतं! तरीही त्यांनी नगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं. जोतीरावांनी त्यांना लिहा-वाचायला शिकवलं हे आपण प्रत्येक ३ जानेवारीला भाषणात सांगतो. त्यांनी शिकवायचं कसं हे वेगळं शिकून घेतलं, हे फारसं कुणी सांगत नाही. मुलींची शाळा चालवणं हाच ज्या काळात दगड-शेण झेलण्याचा विषय होता, त्या काळात या दांपत्याला शिकवण्याचं शिक्षण चैनीचं वाटलं नाही.

कुणी म्हणेल, महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला कुठे बी.एड. लागतं? नेट-सेट झालं की तो उभा राहतोच. राहतो, आणि त्याचं व्याख्यान ज्याला समजत नाही तो विद्यार्थी ग्रंथालयात जातो, मित्राला विचारतो, क्लास लावतो किंवा मागच्या बाकावरून निघून जातो. सहा वर्षांच्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही. त्याला कळलं नाही हेसुद्धा त्याला सांगता येत नाही. इतर कुणाच्या हातात आपण इतका असहाय अशील देत नाही.

सगळ्यात बोचरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मी शेवटी घेतो आहे कारण त्याचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पदवीची तीन वर्षं, बी.एड.ची दोन, मग टीईटी, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट बघणं. निवड झाली तर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर. २०२३ मध्ये वाढ होईपर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मिळत होते, आता १६,००० मिळतात. शेतमजुराच्या मुलीला ही वाट परवडत नाही, आणि शाळेत जी मुलं बसलेली असतात त्यांच्या घरातून शिक्षक यायचे असतील तर ही वाट तिला परवडायलाच हवी. एका वर्षाच्या बी.एड.चं समर्थन करणारे हाच मुद्दा मांडतात तेव्हा मी गप्प होतो. मात्र वर्ष कापणं हा त्यावरचा उपाय नाही. २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतल्या अनुभवासाठी २० आठवडे राखले. आपल्याकडे प्रवेशफेऱ्या अनेकदा दिवाळीपर्यंत रेंगाळतात. एका वर्षाच्या बी.एड.मध्ये उरलेल्या सहा-सात महिन्यांत २० आठवडे शाळेत काढायचे तर अभ्यास केव्हा करायचा? आणि अभ्यास करायचा तर शाळेत केव्हा जायचं? कात्री लागेल ती शाळेतल्या दिवसांनाच, कारण ते मोजणं अवघड आणि कागदावर दाखवणं सोपं. खर्च वाचवायचा तर बारावीनंतर चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम हा रास्त मार्ग आहे. पाचाऐवजी चार वर्षं. त्यात विद्यावेतन द्यावं. एकेकाळी ट्रेनिंग कॉलेजात येणाऱ्या प्राथमिक शिक्षकांना ते मिळायचं, वैद्यकीयच्या आंतरवासितांना आजही मिळतं. सतराव्या वर्षी आयुष्याचा निर्णय करायला लावू नये असं वाटणाऱ्यांसाठी पदवीनंतरचा दोन वर्षांचा मार्गही उघडा राहू द्या.

चार वर्षांची कल्पना नवी नाही. १९६३ पासून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक महाविद्यालयांनी ती राबवली. दिल्ली विद्यापीठात १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची पदवी सुरू झाली. पहिलीच्या वर्गाला शिकवणं हा विद्यापीठाच्या दर्जाचा अभ्यास आहे, हे त्या पदवीने दाखवून दिलं. आपल्या राज्यात मात्र जो सगळ्यात लहान मुलांना शिकवणार त्याची पदविका विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर. २०२३ च्या निकालानंतर ‘बी.एड. मोठी, डी.एड. लहान, मग मोठ्या पदवीवाला अपात्र कसा?’ हा युक्तिवाद पदव्या घेतलेल्या माणसांनी केला. लहान मुलांना शिकवणं म्हणजे मोठ्यांना शिकवण्याची सोपी आवृत्ती, असा तो समज आहे. न्यायालयाने तो खोडला याचं मला समाधान वाटलं, पण नुसत्या निकालाने समज बदलत नाही. फिनलंडने सत्तरच्या दशकात प्राथमिक शिक्षकांचं शिक्षण विद्यापीठात नेलं आणि १९७९ मध्ये पदव्युत्तर पदवी आवश्यक केली. त्या देशाची नक्कल करा असं मी म्हणत नाही, आपल्या वर्गांची संख्या आणि भाषा वेगळ्या आहेत. पण पहिलीच्या शिक्षकाला आठवीच्या शिक्षकाइतकंच शिकावं लागतं, हे त्यांनी ठरवून टाकलं.

देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्येच दुखणं सांगून ठेवलं होतं, आणि आपले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते हे महाराष्ट्राने विसरू नये. अध्यापक शिक्षण विद्यापीठापासून तुटलंय, शाळांपासून तुटलंय आणि या संस्था एकमेकींपासूनही तुटल्यात, असं तो अहवाल म्हणतो. साठ वर्षं होत आली. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय लागतं, कृषी महाविद्यालयाला शेत लागतं, त्याशिवाय मान्यताच मिळत नाही. अध्यापक महाविद्यालयाला इमारत लागते, ग्रंथालयाची पुस्तकं मोजली जातात, जमिनीचा उतारा लागतो. स्वतःची शाळा लागत नाही. जुन्या ट्रेनिंग कॉलेजांना सराव शाळा जोडलेल्या असत, तिथले शिक्षक कसलेले असत. ती रीत आपण मोडली आणि तिच्या जागी परगावच्या मुख्याध्यापकांना पाठवायचं विनंतीपत्र आणलं. माझी मागणी एवढीच आहे : ज्या विद्यापीठाला शिक्षक घडवायचे आहेत त्याने जिल्ह्यातल्या ठरावीक शाळा कायमच्या जोडून घ्याव्यात, तिथल्या अनुभवी शिक्षकांना विद्यापीठाचे अध्यापक म्हणून मानधन आणि वेळ द्यावा, आणि विद्यार्थ्याने वर्गात काय पाहिलं यावर दर आठवड्याला त्याच्याशी बसून बोलावं. टीईटीने चाळणी लागते. पण पंचवीसचे ५२ का झाले हे पर्यायी प्रश्नांच्या कागदावर कळत नाही. ते कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, एक मुलगी आली होती. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी तिला रजेवर असलेल्या शिक्षकाचा चौथीचा वर्ग देऊन टाकला, कारण तिथे कुणीच नव्हतं. तिने तक्रार केली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, भागाकारात काही मुलं मधला शून्य गाळतात. मला कारण सापडलंय असं वाटतं. उद्याचा तास बघायला याल?” मी येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मतदारयाद्यांच्या कामाची बैठक तहसीलला लागली आणि मी तिकडे गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा माझ्या टेबलावर तिचं टाचण सहीसाठी ठेवलेलं होतं. आतमध्ये तिने पाच मुलांच्या पाट्यांवरची उदाहरणं जशीच्या तशी उतरवून घेतली होती, प्रत्येकासमोर तिची शंका लिहिली होती आणि खाली माझ्या शेऱ्यासाठी अर्धं पान कोरं सोडलं होतं. मी ‘पाठ समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही केली.